टर्बोचार्जरचा जनक कोण? पाइक्स पीक ते ‘हंसा’

१/ १९१८ च्या उत्तरार्धात, पहिले महायुद्ध अखेरच्या टप्प्यात असताना, अमेरिकेतील कोलोरॅडोमधील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर विमानाचे एक इंजिन ट्रकवरून नेण्यात आले. ते उडवायचे नव्हते, शिखरावर नुसते चालवून पाहायचे होते. या प्रसंगामुळे सॅनफर्ड मॉस यांना ‘टर्बोचार्जरचे जनक’ म्हटले जाते. हे बिरुद कितपत टिकते, ते या धाग्यात पाहू.

२/ आधी मूळ अडचण. पिस्टन इंजिनाला इंधनाइतकीच हवाही लागते. उंचीवर हवा विरळ होते, सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी जातो आणि शक्ती घटते. महायुद्धात जो वैमानिक अधिक उंचीवर, त्याचे पारडे जड. त्यामुळे ही घट जिवावर बेतणारी होती.

३/ उपाय सुचणे अवघड नव्हते: हवा दाबून आत सोडावी. पण दाबणारे यंत्र चालवायचे कशावर? क्रँकशाफ्टवर जोडले, तर इंजिनाचीच काही शक्ती त्यात खर्ची पडते. दुसरा मार्ग असा, की धुराड्यातून वाया जाणाऱ्या तप्त वायूंनी टर्बाइन फिरवावे आणि त्याच दांड्यावरील कॉम्प्रेसरने हवा दाबावी. हाच टर्बोचार्जर.

४/ ही कल्पना मॉस यांची नव्हे. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्येच तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. त्यांचे लक्ष प्रामुख्याने डिझेल इंजिनांकडे होते. विमानाच्या इंजिनावर ही कल्पना महायुद्धकाळात आणली ती फ्रेंच अभियंते ऑग्युस्त रातो यांनी.

५/ मग मॉस कुठे येतात? कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी गॅस टर्बाइनवर संशोधन केले आणि पुढे जनरल इलेक्ट्रिक कंपनीत तेच काम चालू ठेवले. हे टर्बाइन इंधन फार खाई, शक्ती मात्र थोडी देई. १९०७ मध्ये कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला.

६/ दहा वर्षांनी चित्र पालटले. विमानविद्येच्या राष्ट्रीय सल्लागार समितीचे तत्कालीन अध्यक्ष विल्यम ड्युरंड हे कॉर्नेलमध्ये मॉस यांचे प्राध्यापक होते. त्यांना आपल्या या विद्यार्थ्याचे स्मरण झाले. स्वतंत्र इंजिन म्हणून फसलेले टर्बाइन दुसऱ्या इंजिनाचे साहाय्यक म्हणून मात्र उपयोगी ठरणार होते.

७/ आता शिखरावरचे आकडे. लिबर्टी इंजिन समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देत होते. पाइक्स पीकवर टर्बोविना ती २३० वर आली. टर्बो जोडल्यावर ३५६! म्हणजे गमावलेली शक्ती पुरती परत मिळाली. परंतु नोव्हेंबरमध्ये युद्ध संपले आणि हे यंत्र रणांगणावर पोहोचलेच नाही.

८/ २७ फेब्रुवारी १९२० रोजी मेजर रुडॉल्फ श्रोडर याच प्रकारच्या यंत्रासह ओहायोवरील आकाशात ३३,००० फुटांपलीकडे गेले. तेथे प्राणवायूच्या पुरवठ्याने दगा दिला, डोळे थंडीने गोठले, शुद्ध हरपली आणि विमान मैलोगणती खाली कोसळत आले. ते सावरले व सुखरूप उतरले. इंजिन जेथे पोहोचले होते, तेथे माणूस अजून तग धरू शकत नव्हता.

९/ खरा अडसर पुढेच होता: उष्णता. लालबुंद वायूत वेगाने फिरणारी पाती टिकवायला उष्णतारोधक मिश्रधातू हवे होते. ते घडायला दोन दशके लागली. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बफेकी विमाने आणि पी-४७ लढाऊ विमाने टर्बोच्या बळावर उंच उडाली. १९४० चा कॉलियर करंडक मॉस आणि अमेरिकी लष्कराचे हवाई दल यांना विभागून मिळाला, हेही ध्यानात ठेवावे.

१०/ लढाऊ विमाने जेट इंजिनाकडे वळली, तरी हे तंत्र संपले नाही. ते लहान विमानांत उतरले. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी सेस्ना ३२० सारखी टर्बोयुक्त खासगी विमाने बाजारात आली. डोंगररांगा ओलांडण्याची आणि ढगांच्या वरून जाण्याची सोय आता सामान्य वैमानिकालाही झाली.

११/ ऑस्ट्रियाचे रोटॅक्स ९१४ पाहा: चार सिलिंडर, अवघे १.२ लिटर आणि उड्डाणावेळी ११५ अश्वशक्ती. लिबर्टी होते २७ लिटरचे! अर्थात या फरकात टर्बोखेरीज जलद फेऱ्यांचाही मोठा वाटा आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या ‘हंसा-३’ या प्रशिक्षण विमानात हेच इंजिन बसवले गेले. अमेरिकेच्या सशस्त्र ‘प्रिडेटर’ ड्रोनमध्येही तेच. विद्यार्थ्याचे पहिले उड्डाण आणि दूरवरून केलेला हल्ला, दोन्ही एकाच यंत्रावर.

१२/ तर जनक कोण? कल्पना ब्युखींची, विमानावरील आरंभीचे प्रयोग रातोंचे, उंचीवरील निर्णायक पुरावा आणि पुढील चिकाटी मॉस यांची, पाती टिकवली धातुशास्त्रज्ञांनी आणि या साऱ्याचा खर्च मुख्यतः युद्धाने उचलला. एकच नाव निवडले, की यांतील बाकी सारे पुसले जाते. म्हणून ‘अमुकचा जनक’ असे वाक्य दिसले, तर त्याच्या आधीची दहा वर्षे आणि नंतरची वीस वर्षे अवश्य चाळून पाहावीत.