गोदामासाठी फोर्कलिफ्ट कोणती? प्रकार, वापर आणि काळजी

अहमदपूर : दसरा-दिवाळीत मोंढ्यात सोयाबीन आलं की हमालांच्या पाठीला उसंत नसते. पूर्वी पोतं 100 किलोचं असायचं, हमाल संघटनांच्या लढ्यानंतर ते 50 किलोवर आलं. तरी 20 कट्टे म्हणजे एक टन झाला. एवढं वजन फोर्कलिफ्ट एका खेपेत उचलते. म्हणून शेतकरी कंपनीचं गोदाम उभं राहिलं की 'एक फोर्कलिफ्ट घेऊ' ही चर्चा निघतेच.

त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फोर्कलिफ्टचे दोन दात सुटं पोतं नीट उचलू शकत नाहीत, माल पॅलेटवर म्हणजे लाकडी किंवा प्लास्टिकच्या चौकटीवर रचावा लागतो. तो रचायला माणसंच लागतात. आपल्याकडं ट्रकमध्ये कट्टे सुटेच भरतात, त्यामुळं हमालाचं काम संपत नाही; लांब वाहून नेणं आणि उंच थप्पीवर चढणं तेवढं वाचतं. शिवाय फरशी सपाट आणि मजबूत हवी.

लहान गोदामाला हाताने ओढायचा पॅलेट ट्रक बहुतेक वेळा पुरतो. तो साधारण दोन-अडीच टन माल जमिनीपासून थोडा उचलून सरकवतो, त्याला डिझेल लागत नाही. थप्पी उंच लावायची तर स्टॅकर घ्यावा.

आपण रस्त्यावर पाहतो ती काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्ट. पुढच्या ओझ्याला तोल म्हणून मागं लोखंडी वजन असतं. डिझेलची गाडी उघड्या आवारात, ट्रकजवळ चांगली. बंद गोदामात तिचा धूर माणसालाही वाईट आणि धान्यालाही. आत बॅटरीवरची बरी, फक्त चार्जिंगची जागा हवेशीर असावी. रीच ट्रक उंच रॅक आणि अरुंद गल्लीसाठी असतो. तो भिवंडी, चाकणच्या मोठ्या वेअरहाऊसमध्ये दिसतो. पोत्यांच्या गोदामात त्याचं फारसं काम नाही.

पाटीवर '3 टन' लिहिलंय म्हणून कसाही 3 टन माल उचलता येतो, असं नाही. लहान-मध्यम गाड्यांत हा आकडा बहुधा ओझ्याचा मध्य दातांच्या मुळापासून 500 मिलिमीटरवर धरून दिलेला असतो. माल लांबट असला किंवा खूप उंच न्यायचा असला की क्षमता घटते. तिथंच गाडी पुढं कलंडते.

अहमदपूरकडची पोरं पुण्याकडं ऑपरेटर म्हणून जातात, त्यांनी रीतसर प्रशिक्षण घेऊनच गाडीवर बसावं. चालताना माल जमिनीपासून वीतभरच वर ठेवावा. भरलेली गाडी चढावर सरळ न्यावी आणि उतारावर रिव्हर्समध्ये उतरवावी, म्हणजे माल कायम चढाच्या बाजूला राहतो. दातांवर माणूस चढवू नये, आपल्याकडं हे सर्रास चालतं. बसून चालवायची गाडी उलटायला लागली तर उडी मारू नये. उडी मारणारा बहुतेकदा तिच्याखालीच सापडतो. पट्टा लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावं, पाय आत रोवावेत आणि गाडी पडते त्याच्या उलट बाजूला झुकावं.