सर्फबोर्डची दुरुस्ती : आधी कोरडा गाभा, मग झिलई

लाटांवर स्वार होण्यासाठी वापरला जाणारा सर्फबोर्ड दिसतो दणकट, पण त्याचे कवच पातळ असते. खडकावर आपटून, दुसऱ्या बोर्डाची धडक बसून किंवा गाडीवर चढवता-उतरवताना त्याला पोचा पडतो, भेग जाते. अशा जखमेला सर्फर ‘डिंग’ म्हणतात. ती बुजवणे फारसे अवघड नसते. मात्र बुजवलेली जागा काही महिन्यांतच डागाळते किंवा ठिगळ कडेने सुटू लागते. याचे कारण बहुधा वरच्या झिलईत नव्हे, तर आत राहिलेल्या पाण्यात आणि चुकीच्या रेझिनमध्ये असते.

बोर्डाचा गाभा हलक्या फोमचा आणि कवच रेझिनमध्ये भिजवलेल्या फायबरग्लासच्या कापडाचे असते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचे बोर्ड रूढ केले. त्यावर सहसा पॉलिएस्टर रेझिन वापरतात. क्लार्क यांचा फोमचा कारखाना ५ डिसेंबर २००५ रोजी अचानक बंद झाला आणि त्यानंतर पॉलिस्टायरीन, म्हणजेच थर्माकोलच्या जातीचा गाभा व इपॉक्सी रेझिन ही पद्धत अधिक पसरली. आपला बोर्ड यांपैकी कोणता, हे आधी पाहावे. पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन थर्माकोलला विरघळवते व लहानशा छिद्राची पोकळी होते. तुटलेल्या जागी गोल दाणे दिसल्यास गाभा थर्माकोलचा समजावा. शंका असल्यास इपॉक्सीच वापरावे. ते दोन्हींवर चालते.

जखम प्रथम गोड्या पाण्याने धुवावी, कारण आत राहिलेले मीठ ओलावा धरून ठेवते. मग जखमेची बाजू खाली करून बोर्ड सावलीत, हवेशीर जागी ठेवावा. वाळण्यास कित्येक दिवस लागू शकतात. गोव्यासारख्या दमट किनाऱ्यावर पावसाळ्यात त्याहून अधिक. जखमेवर पारदर्शक प्लास्टिक चिकटवून बोर्ड थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवावा. प्लास्टिकच्या आत बाष्प जमले, तर गाभा अद्याप ओला आहे. घाईने बुजवल्यास कोंडलेल्या ओलाव्याने गाभा डागाळतो आणि कवच फोमपासून सुटते.

वाळल्यानंतर सुटे तुकडे व मऊ पडलेला फोम कापून टाकावा. भोवतीचे मेण पुसून काढावे व ८० क्रमांकाच्या सँडपेपरने कडा खरवडाव्यात, म्हणजे नवे रेझिन पक्के धरेल. खड्ड्यात रेझिन आणि हलकी पांढरी भरणपूड यांचे मिश्रण भरावे. जुना बोर्ड उन्हाने पिवळसर झालेला असतो. त्यावर शुभ्र भराव डोळ्यांत खुपतो. म्हणून मिश्रणात किंचित पिवळे-तपकिरी रंगद्रव्य घालून आधी वेगळ्या तुकड्यावर नमुना वाळवून पाहावा. उन्हात घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये रंग अधिक झाल्यास किरण खोल पोहोचत नाहीत व भराव आतून कच्चा राहतो.

भराव समतल घासून त्यावर फायबरग्लासचे कापड जखमेच्या कडेपलीकडे दोन-तीन सेंटिमीटर जाईल असे बसवावे. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर साधारण १ ते २ टक्के पुरतो. अधिक घातल्यास रेझिन तापून तडकते. इपॉक्सीचे प्रमाण मात्र उत्पादकाने सांगितलेलेच ठेवावे. हार्डनर वाढवून ते लवकर सुकत नाही, उलट मऊ राहते. अखेरचा थर पूर्ण घट्ट झाल्यावर १२०, २२० आणि मग पाणी लावून ४०० व ६०० क्रमांकाच्या कागदाने घासावे. घासताना कापडाचे विणकाम उघडे पडले, तर थांबून रेझिनचा आणखी एक थर द्यावा. उघड्या तंतूंतून पाणी शिरते. शेवटी पॉलिशिंग कंपाउंड लावावे. काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करावे. रेझिनची वाफ रोखणारा मास्क, आणि घासताना धूळ रोखणाराही, आवश्यक आहे.

दुरुस्त केलेला बोर्ड बंद गाडीत किंवा कडक उन्हात ठेवू नये. आतली हवा प्रसरण पावून कवच फुगते आणि अतिनील किरणांनी रेझिन पिवळे पडते. भेग दिसताच पाण्याबाहेर यावे. पाणी मुरलेला बोर्ड जड होतो, त्याचा गाभा कवचापासून सुटत जातो आणि एखाद्या मोठ्या लाटेत तो मधोमध मोडू शकतो. मोडलेल्या बोर्डाचा पुनर्वापरही सहज होत नाही.