हिरडीवर उगवलेलं हाड

टाळूवरच्या मांसाचा पातळ तुकडा काढून हिरडीवर लावला आणि पुढे तिथे हाड उगवलं, असं कुणी सांगितलं तर विश्वास बसेल? माझा बसला नव्हता. पण १९९१ साली पॅक, गॉडी आणि जेनिंग्ज यांनी अशा दोन रुग्णांची हकिगत 'जर्नल ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजी'त छापली. मऊ तुकडा लावलेल्या जागी कडक टेंगूळ, आणि ते चक्क हाडाचं! नंतर अशा आणखी काही केसेस प्रसिद्ध झाल्या. प्रकार दुर्मिळ, पण खरा.

मग हे हाड आलं कुठून? उत्तर शोधत गेलो आणि थेट अठराव्या शतकात पोचलो.

लंडनचा सर्जन जॉन बेल्चर एका कापड रंगवणाऱ्याकडे जेवायला गेला होता. ताटात डुकराचं मांस, आणि हाडं लाल! चौकशी केल्यावर कळलं, की रंगाच्या पिंपातला कोंडा डुकरांना घालत होते. रंग मॅडरचा, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्या युरोपियन बहिणीचा. १७३६ साली त्याने हे प्रसिद्ध केलं.

ते वाचून फ्रान्सचा दुहामेल कामाला लागला. हा मूळचा झाडापेडांचा अभ्यासक. त्याने वाढत्या जनावरांच्या हाडावरच्या पातळ पडद्याखाली, म्हणजे पेरिऑस्टियमखाली, चांदीची तार बसवली. काही काळाने पाहिलं तर तार हाडाच्या आत गाडली गेली होती! म्हणजे हाड बाहेरून, पडद्याकडून चढत होतं. सालीखाली झाडाचं खोड चढतं तसंच.

सगळ्यांना हे पटलं नाही. हालरसारखा दिग्गज म्हणाला, हाड रक्तवाहिन्यांमुळे बनतं, पडदा नुसतं वेष्टन. पुढे लियोंच्या ओलिएने सशांमध्ये हाच पडदा सोलून दुसरीकडे लावला, आणि तिथे हाड तयार झालं. १८६७ साली त्याने यावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. तरी १९१२ साली ग्लासगोचा मॅकयुवेन ठामपणे सांगत होता, की पडदा हाड बनवत नाही, फक्त त्याला हद्दीत ठेवतो. दीडशे वर्षांहून जास्त चाललेलं भांडण! आज आपल्याला माहीत आहे, की पडद्याच्या आतल्या थरात हाड बनवू शकणाऱ्या पेशी असतात. हाड मोडलं की त्या जाग्या होतात.

आता परत हिरडीकडे. स्वीडनच्या ब्यॉर्नने १९६३ मध्ये हिरडीच्या मोकळ्या कलमाचं वर्णन केलं, आणि १९६८ मध्ये सलिव्हन व अॅटकिन्स यांनी त्याचे नियम बसवले. कापून आणलेल्या तुकड्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एक-दोन दिवस तो खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो, मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात. म्हणून तो सहसा पेरिऑस्टियमवरच बसवतात. गंमत बघा, कलम जगवणारा पडदा आणि हाड बनवू शकणारा पडदा एकच! शस्त्रक्रियेत त्याला इजा झाली, की क्वचित कुणाच्या बाबतीत तो आपलं जुनं काम सुरू करत असावा, असं या केसेस लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना वाटतं. पडदा टाळावा तर कलम जगण्याची पंचाईत, त्यामुळे हा धोका पूर्ण काढून टाकता येत नाही.

असं टेंगूळ बहुधा हळूहळू वाढतं आणि दुखत नाही. ब्रश करताना अडलं किंवा दिसायला खटकलं तर ते तासून काढता येतं. मात्र तोंडातली कुठलीही नवी गाठ 'हाडच असेल' म्हणून घरी ठरवू नका. तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर इतका असलेल्या आपल्या देशात तर नाहीच, दंतवैद्याला दाखवा.

मलाही हे कलम सुचवलं आहे, आणि मी ते करून घेणार आहे. क्वचित कुणाला होणाऱ्या गोष्टीला घाबरायचं नाही, असं म्हणणं सोपं असतं. मला धीर दिला तो दुहामेलच्या तारेने. हे शरीराचं बिघडणं नाही. जखम दिसली की भरायला धावणारी तीच जुनी सवय, जरा जास्तच उत्साहात.