तोफेवरचे अक्षर आणि पडद्यावरचे अक्षर

आपल्या जिल्ह्यातील परांडा किल्ल्याचे नाव निघाले की ‘मलिक-ए-मैदान’ तोफेची आठवण होतेच. इ.स. 1549 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने ती ओतली. पुढे ती परांड्यास होती व 1632 मध्ये विजापुरास नेली गेली. तिच्या अंगावर लेख आहेत व त्यांत ओतणाऱ्याचे नावही आहे. दख्खनमधील अनेक फारसी शिलालेखांत अक्षर खोदलेले नसून भोवतालचा दगड काढून ते उठावाचे केलेले दिसते. उन्हाची तिरीप पडली की त्याची सावली सरकते. त्रिमिती अक्षर म्हणतात ते हेच!

आज संगणकावर तेच घडते. सपाट अक्षराला जाडी द्यावयाची, कडा किंचित गोल करावयाच्या, बाजूने प्रकाश टाकावयाचा. अक्षर आरंभी कोठे व अखेरीस कोठे असावे एवढे सांगितले की मधली चित्रे यंत्र भरून काढते.

निर्जीवाला चालविण्याची ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी रोपट्याची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर दाखविली. पुढे काड्यापेटीतील काड्याही नाचविल्या. अमेरिकेत जॉन व्हिटनी यांनी तर दुसऱ्या महायुद्धातील विमानवेधी तोफांना नेम सांगणारे यंत्र घेऊन ते चित्रे फिरविण्याच्या कामी लावले. 1960 मध्ये त्यांनी काढलेल्या संस्थेचे नावच ‘मोशन ग्राफिक्स’ होते. एका काळी तोफेवर अक्षर चढले. दुसऱ्या काळी तोफेच्या यंत्राने चित्र हलले.

परंतु विद्यार्थी मित्रहो, खरा प्रश्न पुढेच आहे. इंग्रजी अक्षरे सुटी असतात. उर्दूत मात्र बहुतेक हर्फ शब्दाच्या आरंभी, मध्ये व अखेरीस निराळे रूप घेतात. मराठीत वेलांटी, मात्रा, जोडाक्षरे आहेत. एकेक अक्षर सुटे करून नाचवू गेले तर शब्दच मोडतो. 1991 पासून युनिकोडमध्ये दोन्ही लिप्यांना स्थान आहे. तरीही मोडलेला शब्द यंत्राला खुपत नाही. तो खुपतो वाचणाऱ्याच्या डोळ्याला.

उर्दू वर्तमानपत्रे कित्येक वर्षे कातिबांनी हाताने लिहिली. संगणक आला आणि अनेकांचे कलम थांबले. त्यांची नजर पुढच्या पिढीकडे गेली नाही, तर पडद्यावर आपली भाषा दिसेल, पण मोडक्या रूपात.

म्हणून पालकांना विनंती की, मूल संगणकापुढे बसले म्हणजे वेळ वाया गेला असे समजू नये. ‘ब्लेंडर’सारखी प्रणाली 2002 पासून सर्वांना खुली असून तिला शुल्क नाही. मात्र त्याच्या हाती आधी कलम द्यावे, खुशखतीचा सराव करून घ्यावा. आपल्या अक्षराचे वळण ज्याला ठाऊक आहे, तोच ते न मोडता चालवू शकेल. तोफ ओतणाऱ्याचे नाव पावणेपाचशे वर्षांनीही वाचता येते. आपल्या मुलांचे कामही तसेच स्वच्छ वाचता यावे, हीच सदिच्छा.