यमुनापार

यमुनापार (बोलीभाषेत जमनापार) हा दिल्लीच्या राष्ट्रीय राजधानी प्रदेशातील यमुना नदीच्या पूर्व तीरावरील भाग होय. शाहदरा, सीलमपूर, गांधीनगर, लक्ष्मीनगर, पटपडगंज, मयूर विहार, त्रिलोकपुरी, नंदनगरी आणि दिलशाद गार्डन ही येथील प्रमुख ठिकाणे आहेत. २०११ च्या जनगणनेत पूर्व दिल्ली आणि ईशान्य दिल्ली हे दोन जिल्हे मिळून येथील लोकसंख्या सुमारे ३९.५ लाख होती. दिल्लीच्या एकूण क्षेत्रफळाच्या एक-दशांशाहूनही कमी भूमीवर दिल्लीची जवळजवळ एक-चतुर्थांश लोकसंख्या येथे राहते. लाल किल्ल्यापासून अवघ्या काही किलोमीटर अंतरावर असूनही हा प्रदेश दीर्घकाळ शहराबाहेरचा मानला गेला. शहराला जे सामावून घेता आले नाही किंवा घ्यावयाचे नव्हते, ते नदीपलीकडे नेण्याच्या धोरणातून या उपनगराची बरीचशी घडण झाली आहे.

नाव

'पार' म्हणजे पलीकडे. हे नाव पश्चिम तीरावर उभे राहून पाहणाऱ्याच्या दृष्टीने पडलेले आहे. मोगलांचे शाहजहानाबाद आणि ब्रिटिशांची नवी दिल्ली ही दोन्ही नगरे पश्चिम तीरावर वसली. त्यामुळे पूर्वेकडील भूमी आपोआपच 'पलीकडची' ठरली. दिल्लीच्या बोलण्यात 'जमनापारचा' हा शब्द पुष्कळदा कमीपणा दर्शविण्यासाठी वापरला जातो. अलीकडे मात्र तेथील तरुण पिढी हाच शब्द आपली ओळख म्हणून अभिमानाने वापरताना दिसते.

शाहदरा हे नाव 'शाही दरवाजा' या अर्थाच्या फारसी शब्दांवरून आले असे सांगितले जाते. महाराष्ट्रातील शेळीपालकांना परिचित असलेल्या 'जमनापारी' शेळीचा मात्र या उपनगराशी संबंध नाही. त्या जातीचे मूळस्थान उत्तर प्रदेशातील इटावा परिसर हे आहे.

भूगोल

हा प्रदेश गंगा-यमुना दुआबाच्या पश्चिम कडेला आहे. पश्चिमेस यमुना, तर उत्तर, पूर्व आणि दक्षिण या तिन्ही बाजूंस उत्तर प्रदेशाची सीमा आहे. लोणी, गाझियाबाद आणि नोएडा ही शहरे त्याला इतकी लागून आहेत की राज्याची सीमा कोठे संपते हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही.

भूमी सपाट, सखल आणि गाळाची आहे. नदीलगतच्या, पुराखाली जाणाऱ्या पट्ट्यास 'खादर' म्हणतात. तेथे आजही भाजीपाल्याची शेती केली जाते. खादर आणि वस्ती यांच्यामध्ये मातीचे उंच बांध आहेत. स्थानिक लोक त्यांना 'पुश्ता' म्हणतात. 'तिसरा पुश्ता', 'चौथा पुश्ता' ही आता पत्ता सांगण्याचीही नावे झाली आहेत.

इतिहास

मराठ्यांशी संबंध

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिल्लीच्या राजकारणात मराठ्यांचे वर्चस्व होते आणि यमुनेचे उतार हा लष्करी दृष्टीने कळीचा प्रश्न होता. १० जानेवारी १७६० रोजी नदी उतरून येणाऱ्या अफगाण-रोहिला फौजेला रोखताना दत्ताजी शिंदे पश्चिम तीरावरील बुराडी घाटावर धारातीर्थी पडले.

पूर्व तीरावरील सर्वांत महत्त्वाची लढाई ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंज येथे झाली. इतिहासात ती 'दिल्लीची लढाई' म्हणून ओळखली जाते. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात जनरल जेरार्ड लेक अलीगढ जिंकून दिल्लीकडे निघाला. दौलतराव शिंदे यांच्या कवायती फौजांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने त्याआधीच इंग्रजांचा आश्रय घेतला होता. उरलेल्या फौजेचे नेतृत्व लुई बुर्क्वँ या दुसऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याकडे आले. यमुना ओलांडून पूर्वेस आलेल्या या फौजेच्या पाठीशी नदी होती. पराभवानंतर माघार घेताना अनेक सैनिक पाण्यात बुडाले. काही दिवसांतच लेकने दिल्लीत प्रवेश केला आणि बादशहा शाहआलम दुसरा इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेला. डिसेंबर १८०३ मधील सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी दुआबावरील हक्क सोडला. उत्तर हिंदुस्थानातील मराठी सत्तेचा निर्णय अशा रीतीने आजच्या यमुनापारच्या भूमीवर झाला. या लढाईचा स्मारकस्तंभ नोएडातील गोल्फ मैदानाच्या आवारात आहे.

लोखंडी पूल आणि दिल्लीत समावेश

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नदी ओलांडण्याचे मुख्य साधन म्हणजे नावांचा तरता पूल. ११ मे १८५७ रोजी मेरठहून आलेले बंडवाले शिपाई याच पुलावरून दिल्लीत शिरले. १८६६ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेचा लोखंडी पूल पूर्ण झाला. त्याच्या वरच्या मजल्यावरून रेल्वे आणि खालच्या मजल्यावरून रस्ता जातो. शाहदरा हे त्यानंतर रेल्वेचे महत्त्वाचे ठिकाण बनले. १९०७ मध्ये तेथून सहारनपूरपर्यंत अरुंदमापी रेल्वेही सुरू झाली. ती १९७० मध्ये बंद पडली आणि पुढे त्या मार्गाचे रुंदमापीत रूपांतर झाले.

१९११ मध्ये राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली. त्यानंतर १९१५ मध्ये तेव्हाच्या संयुक्त प्रांतातील मेरठ जिल्ह्याची ६५ गावे दिल्ली प्रांतास जोडण्यात आली. पूर्व तीर प्रशासकीय दृष्ट्या दिल्लीत आला तो येथूनच.

निर्वासित आणि विस्थापित

फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांच्या काही वसाहती गीता कॉलनी, कृष्णानगर परिसरात उभ्या राहिल्या. १९६० च्या दशकापासून शहराच्या मध्यवर्ती भागातील झोपडपट्ट्या हटवून तेथील लोकांना सीलमपूर, वेलकम आदी ठिकाणी वसविण्यास प्रारंभ झाला.

या धोरणाचे सर्वांत कठोर रूप आणीबाणीत (१९७५-७७) दिसले. या काळात संपूर्ण दिल्लीत सुमारे सात लाख लोकांना घरांतून उठवून शहराच्या कडेला नेण्यात आले. त्यांतील पुष्कळ कुटुंबे यमुनापारच्या त्रिलोकपुरी, कल्याणपुरी, खिचडीपूर, नंदनगरी आणि सीमापुरी येथे आली. एप्रिल १९७६ मध्ये तुर्कमान गेट येथील घरे पाडली गेल्यावर तेथील अनेक रहिवाशांनाही येथेच पाठविण्यात आले. एका कुटुंबाला साधारण २५ चौरस यार्ड, म्हणजे सुमारे २१ चौरस मीटर, एवढाच भूखंड मिळे. पाणी, शौचालये आणि शाळा मागाहून आल्या. रोजगार नदीच्या पलीकडेच राहिला आणि रोजचा प्रवास वाढला. भूखंड मिळविण्यासाठी नसबंदीचे प्रमाणपत्र कसे चलनासारखे वापरले गेले, याचा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञ एमा टार्लो यांनी वेलकम वसाहतीतील कागदपत्रांच्या आधारे केला आहे. त्यांचे 'अनसेटलिंग मेमरीज' हे पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

वस्तीचे स्वरूप

येथील वस्ती एकजिनसी नाही. शाहदरा, पटपडगंज, मंडावली अशी जुनी गावे, निर्वासितांच्या व विस्थापितांच्या वसाहती, सहकारी गृहनिर्माण संस्था आणि अनधिकृत वसाहती असे तिचे अनेक थर आहेत. १९८० च्या दशकापासून मयूर विहार आणि इंद्रप्रस्थ विस्तार येथे सरकारी नोकर, पत्रकार, शिक्षक आदी मध्यमवर्गीयांच्या संस्थांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर त्रिलोकपुरीच्या अरुंद गल्ल्या आहेत.

करावल नगर, सोनिया विहार, मुस्तफाबाद आदी भागांत शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकले गेले आणि त्यांवर आराखड्याविना घरे झाली. महाराष्ट्रातील गुंठेवारीशी या प्रकाराचे साम्य आहे. उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेल्या कष्टकऱ्यांना याच वसाहतींनी निवारा दिला. २०११ मध्ये ईशान्य दिल्ली जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला ३६ हजारांहून अधिक लोक राहत होते. ही घनता देशातील जिल्ह्यांमध्ये सर्वाधिक होती.

अर्थव्यवस्था

गांधीनगरचा तयार कपड्यांचा घाऊक बाजार देशभर प्रसिद्ध आहे. त्याच्या आधाराने सीलमपूर, जाफराबाद परिसरातील घराघरांत जीन्स व जाकिटे शिवण्याचा, काज-बटणांचा आणि धागे कापण्याचा व्यवसाय चालतो. त्यात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. सीलमपूर हे जुने संगणक, दूरध्वनी आदींचे सुटे भाग वेगळे करणाऱ्या इ-कचरा व्यवसायाचेही केंद्र आहे. या कामातून तांब्यासारखे धातू परत मिळतात. मात्र तारा जाळणे आणि आम्लाचा वापर करणे यांमुळे कामगारांच्या आरोग्यास धोका पोहोचतो. झिलमिल आणि पटपडगंज येथे औद्योगिक वसाहती आहेत. लक्ष्मीनगर सनदी लेखापाल परीक्षेच्या शिकवणी वर्गांसाठी ओळखले जाते.

वाहतूक

नदीवरील पूल हा यमुनापारच्या जीवनातील मध्यवर्ती प्रश्न राहिला आहे. सकाळी पश्चिमेकडे आणि सायंकाळी पूर्वेकडे जाणारी सारी गर्दी मोजक्याच पुलांवर एकवटते. लोखंडी पुलानंतर वझिराबाद, आंतरराज्य बसस्थानक, आयटीओ, निजामुद्दीन आणि गीता कॉलनी येथे नदी ओलांडण्याची सोय झाली. वझिराबादच्या अरुंद पुलावरून १९९७ मध्ये शाळेची बस नदीत कोसळून अनेक विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्याला पर्याय म्हणून योजलेला सिग्नेचर पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये, म्हणजे दुर्घटनेनंतर एकवीस वर्षांनी, खुला झाला. त्याचा मनोरा १५४ मीटर उंच आहे.

दिल्ली मेट्रोचा पहिला टप्पा नदी ओलांडणाराच होता. शाहदरा ते तीस हजारी या मार्गाचे उद्घाटन २४ डिसेंबर २००२ रोजी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते झाले. आनंद विहार येथे आंतरराज्य बसस्थानक, मेट्रो आणि २००९ मध्ये सुरू झालेले रेल्वे टर्मिनस एकत्र आले आहेत. मार्च २०२० मधील टाळेबंदीत गावी परतू पाहणाऱ्या हजारो मजुरांची गर्दी याच बसस्थानकाबाहेर झाली होती.

पूर, पाणी आणि कचरा

यमुनेची पातळी जुन्या लोखंडी पुलापाशी मोजली जाते. तेथील धोक्याची पातळी २०५.३३ मीटर आहे. सप्टेंबर १९७८ मध्ये पाणी २०७.४९ मीटरपर्यंत चढले आणि त्यानंतर पुश्ते अधिक भक्कम करण्यात आले. १३ जुलै २०२३ रोजी २०८.६६ मीटर हा नवा उच्चांक झाला. या वेळी पश्चिम तीरावरील रिंग रोड व आयटीओ परिसरातही पाणी शिरले. पूर्वेकडील पुश्त्यांनी मुख्य वस्तीचे बव्हंशी रक्षण केले, पण खादरातील शेतकरी व मजूर यांना रस्त्याकडेच्या तंबूंत राहावे लागले. याच खादरात २००५ मध्ये अक्षरधाम मंदिर आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी क्रीडाग्राम उभे राहिले. नदीच्या पूरमैदानात अशी बांधकामे असावीत काय, हा वाद न्यायालयापर्यंत गेला होता.

नदीकाठी असूनही येथील पिण्याचे पाणी बव्हंशी यमुनेचे नाही. सोनिया विहार आणि भागीरथी या जलशुद्धीकरण केंद्रांना मुरादनगरमार्गे वरच्या गंगा कालव्याचे पाणी मिळते. सोनिया विहार केंद्रातील पाण्याचा मोठा भाग नदीपलीकडे दक्षिण दिल्लीस जातो.

गाझीपूर येथील कचराभूमी १९८४ मध्ये सुरू झाली. तिची क्षमता २००२ मध्येच संपली, तरी कचरा टाकणे चालू राहिले आणि ढीग सुमारे ६५ मीटरपर्यंत वाढला. १ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचा एक भाग कोसळून दोघांचा मृत्यू झाला. उन्हाळ्यात येथे लागणाऱ्या आगींच्या धुराचा त्रास भोवतालच्या वस्तीस होतो.

हिंसाचाराच्या घटना

इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतर नोव्हेंबर १९८४ मध्ये झालेल्या शीखविरोधी हत्याकांडात त्रिलोकपुरीचा ३२ क्रमांकाचा ब्लॉक सर्वाधिक होरपळला. तेथे शेकडो शिखांची हत्या झाली. वाचलेल्या विधवा व मुलांपैकी अनेकांचे पुनर्वसन पश्चिम दिल्लीतील तिलक विहार येथे करण्यात आले. आठ वर्षांपूर्वी विस्थापित म्हणून वसविलेल्या वसाहतीतून हे पुन्हा एक विस्थापन होते. फेब्रुवारी २०२० मध्ये ईशान्य दिल्लीतील दंगलीत ५३ जणांचा मृत्यू झाला. मृतांत बहुसंख्य मुस्लीम असून हिंदूंचाही समावेश होता.

प्रशासन आणि सार्वजनिक संस्था

२०१२ मध्ये शाहदरा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. त्याच वर्षी दिल्ली महानगरपालिकेचे त्रिभाजन होऊन पूर्व दिल्ली महानगरपालिका निर्माण झाली. करवसुलीचे क्षेत्र तोकडे असल्याने ती सतत आर्थिक अडचणीत राहिली. थकीत वेतनासाठी सफाई कामगारांनी वारंवार संप केले आणि रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. २०२२ मध्ये तिन्ही महानगरपालिका पुन्हा एक करण्यात आल्या.

दिलशाद गार्डन येथे गुरू तेग बहादूर रुग्णालय, त्यास जोडलेले युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेस आणि मानवी वर्तन व संलग्न विज्ञान संस्था (इहबास) आहेत. इहबास ही मानसिक आरोग्यसंस्था पूर्वीच्या शाहदरा मनोरुग्णालयातून विकसित झाली. उत्तर प्रदेशातील लगतच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण या संस्थांत येतात. त्यांच्या दृष्टीने यमुनापार हीच दिल्ली आहे, नदीपलीकडचा प्रदेश नव्हे.

हेही पाहा

दिल्ली
यमुना नदी
दुसरे इंग्रज-मराठा युद्ध
दत्ताजी शिंदे
आणीबाणी (भारत)
नोएडा