रात्रिमानाचा रासायनिक साक्षी

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तिन्ही नगरे सुमारे 19.2 उत्तर अक्षांशावर वसलेली आहेत. येथील सर्वांत मोठे दिनमान सव्वातेरा तासांच्या आसपास, तर सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचे असते. एवढ्याशा फरकावरून प्राण्यास ऋतू ओळखता येतो काय, हा प्रजननशास्त्रातील मूलभूत प्रश्न होय. त्याचा इतिहास म्हणजे मुख्यतः एका संप्रेरकाच्या मोजमापाचा इतिहास आहे.

1917 साली मॅकॉर्ड व ॲलन यांनी गुरांच्या पिनिअल ग्रंथीच्या अर्काने बेडूकमाशांची त्वचा फिकट होते, असे दाखविले. हाच धागा धरून येल विद्यापीठातील ॲरन लर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1958 साली हजारो ग्रंथींतून ते द्रव्य वेगळे काढले व त्यास मेलॅटोनिन हे नाव दिले. परंतु रक्तातील त्याचे प्रमाण मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या लाख-कोटीव्या अंशांत मोजावे लागते. बेडकाच्या त्वचेवर विसंबलेली परीक्षा या कामी अपुरी होती. इन्शुलिनसाठी बर्सन व यॅलो यांनी सिद्ध केलेली किरणोत्सारी प्रतिरक्षामापनाची पद्धती 1975 च्या सुमारास मेलॅटोनिनला लागू झाली, आणि रात्री वाढून दिवसा ओसरणारा त्याचा क्रम रक्तात सुलभतेने मोजता येऊ लागला.

मोजमापाच्या पूर्वीच, 1965 साली, हॉफमन व रायटर यांनी अल्प प्रकाशात ठेवलेल्या हॅमस्टरांची वृषणे आकसतात, मात्र पिनिअल ग्रंथी काढल्यास आकसत नाहीत, हे सिद्ध केले होते. उलट मेंढीचा ऋतुकाल दिवस लहान होऊ लागताच सुरू होतो. ग्रंथी काढलेल्या मेंढ्यांना रात्रीच्या लांबीइतका काळ मेलॅटोनिन पुरविल्यास त्या दिनमानास अपेक्षित प्रतिसाद देतात, हे बिटमन व कार्श यांच्या 1983 मधील प्रयोगांनी दाखविले. तात्पर्य, हे संप्रेरक प्रजननाचे प्रेरक वा रोधक नव्हे. ते केवळ रात्रीची लांबी कळविते. त्या वार्तेचा अर्थ प्रत्येक जाती आपल्यापरी लावते.

आपल्या प्रदेशापुरते पाहता हा भेद विशेष बोलका आहे. नागपूरचे ए. गोपालकृष्ण यांनी 1955 साली टॅफोझोअस लाँजिमॅनस हे वटवाघूळ वर्षभर प्रजनन करते, असे नोंदविले. त्याच प्रदेशातील इतर अनेक जातींचा विणीचा काळ मात्र ठराविकच असतो. आकाश एक, पंचांगे दोन. म्हणून शीत कटिबंधातील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करणे युक्त नव्हे. पाऊस व अन्न यांचा विचारही क्रमप्राप्त ठरतो.

मापनात एक अडचण मात्र कायम आहे. प्रखर प्रकाशाने माणसातील मेलॅटोनिनचा स्राव दबतो, हे लुई यांनी 1980 साली दाखविले. नमुना घेण्यासाठी लावलेला दिवाच मोजावयाची वस्तू नाहीशी करू शकतो. यास्तव असे काम मंद तांबड्या उजेडात करतात. उल्हास खोऱ्यातील नगरांत दिव्यांनी रात्र उजळलेली असता तेथील गोठ्यातील म्हशीचे वा झाडावरील वटवाघळाचे रात्रिमान पंचांगावरून ठरविता येणार नाही. ते प्रत्यक्ष मोजावे लागेल, आणि तेही अंधारास धक्का न लावता.