तीनशे आणि तीनशे-ए

मोडी वाचणाऱ्याला एका अक्षराचा धाक असतो. शब्द तोडून लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि एक अक्षर चुकले की इनामाचा धनीच बदलतो. साताऱ्यात लोकांच्या घरची जुनी दफ्तरे लावून देण्यात माझी तीस वर्षे गेली. तरीही १९९९ साली सांगलीत संगणक घेताना मी एका अक्षरानेच फसलो.

पतसंस्थेचे कर्ज काढले होते. दुकानदाराने तोंडी सांगितले ते ‘सेलेरॉन ३००-ए’; पावतीवर लिहिले ‘सेलेरॉन ३००’. एक ‘ए’ गळाला तर काय बिघडले, असे मला वाटले. एका पुस्तकाची अक्षरजुळणी अंगावर घेतली होती. मोठी फाईल उघडली की पान सरकायला वेळ लागे, मधेच यंत्र गोठे. मुदत टळली, काम दुसऱ्याकडे गेले, हप्ते मात्र माझ्याकडे राहिले. त्या अक्षराचा शोध मी नंतर घेतला. तो हा.

इंटेलने एप्रिल १९९८ मध्ये सेलेरॉन हा स्वस्त प्रोसेसर आणला. किंमत उतरवण्यासाठी त्यातली दुसऱ्या पातळीची कॅश पूर्ण काढून टाकली होती. कॅश म्हणजे कारकुनाच्या हाताशी असलेले बासन. ते नसले की प्रत्येक कागदासाठी उठून कोठीत जायचे. कारकून कितीही चपळ असो, दिवस जिन्यातच जातो. पहिले २६६ आणि मग ३०० मेगाहर्ट्झचे सेलेरॉन असे होते. टीका झाली, आणि ऑगस्टमध्ये ३००-ए आला. वेग तोच, पण १२८ किलोबाइट कॅश त्याच चिपवर, प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालणारी. महागड्या पेंटियम-टूमध्ये ती ५१२ किलोबाइट होती खरी, पण अर्ध्या वेगाने चालणारी. त्यामुळे बऱ्याच कामांत हा गरीब भाऊ थोरल्याच्या पंगतीला बसला. हौशी लोक तर तो ४५० मेगाहर्ट्झवर पळवत. पैशाच्या मानाने काम पाहिले तर त्या दशकातल्या उत्तम सौद्यांपैकी तो एक होता. माझ्या टेबलावर त्याचा नामसदृश चुलतभाऊ होता.

मागे जाऊन पाहता स्वस्ताईचे दोन प्रकार दिसतात. एक विचाराने केलेली काटछाट. मोटोरोलातून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी १९७५ मध्ये मॉस टेक्नॉलॉजीचा ६५०२ पंचवीस डॉलरला विकायला काढला. ६८०० मधल्या दोन अॅक्युम्युलेटरपैकी एकच ठेवला, पण काम अडले नाही. बीबीसी मायक्रो या यंत्रात हाच प्रोसेसर होता, आणि १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ योजनेतून ती यंत्रे आपल्याकडच्या शाळांत आली. १९७९ चा इंटेल ८०८८ याच वळणाचा: आत सोळा बिट, बाहेर आठ, म्हणजे आजूबाजूचे सुटे भाग स्वस्त. १९८१ च्या आयबीएम पीसीत तोच होता.

दुसरा प्रकार बाजाराचा. १९९१ चा ४८६-एसएक्स घ्या. दशांशी गणिताचा विभाग चिपवर असायचा, पण सुरुवातीच्या नगांत तो मुद्दाम बंद करून विकला. तो हवा असेल तर ४८७ विकत घ्या. आणि हा ४८७ म्हणजे अखंड ४८६-डीएक्सच, बसवला की आधीचा प्रोसेसर झोपवून टाकणारा! एकाच वस्तूचे दोनदा पैसे. याला मी काटकसर म्हणत नाही.

हे सारे पुन्हा उकरले ते भाचीमुळे. सांगलीत ती कर सल्लागाराचे कार्यालय थाटते आहे. फोनवर म्हणाली, “मामा, कमी पैशात चांगला प्रोसेसर कुठला? दुकानदार आठ कोअरचा घ्या म्हणतोय.”

मी विचारले, “काम काय करणार आहेस?”

“टॅली, जीएसटीची विवरणपत्रे, स्कॅनिंग. आणखी काय?”

तिला मी वारणेची गोष्ट सांगितली. हरिपूरला कृष्णेला मिळणाऱ्या या नदीच्या खोऱ्यात, कोल्हापूर-सांगलीतल्या सत्तर गावांसाठी १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प झाला. गावोगावच्या केंद्रांत संगणक बसले. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी पाहिले, तर यंत्रांवर मुख्यतः उसाचीच कामे चालत: तोडणीची परवानगी, खताची नोंद, वजन, बिल. त्यांनी सात गावांत संगणक काढून साधे मोबाइल ठेवले आणि ही कामे एसएमएसवर नेली. कामे झाली, खर्च उतरला. काम न मोजता यंत्र मोजले की असे होते.

तिने तीन नावे पाठवली. इंटेलचा आय-थ्री १२१००-एफ, एएमडीचा रायझन फाईव्ह ५५०० आणि ५६००-जी. मला हसू आले, पुन्हा अक्षरेच. इंटेलच्या ‘एफ’मध्ये चित्र पडद्यावर आणणारा विभाग चालू नसतो, म्हणजे वेगळे ग्राफिक्स कार्ड घेणे आले आणि स्वस्ताई तिथेच संपली. ५५०० ची मूळ चिप ५६००-जीचीच, ग्राफिक्स बंद केलेली. कॅशही दोन्हीत सोळा मेगाबाइट. एकतीस वर्षांनी ४८६-एसएक्सच भेटला म्हणायचा. खेळ खेळणाऱ्या पोराकडे कार्ड आधीच असते, त्याला ५५०० फायद्याचा. हिला नाही.

मी सुचवले, एफ नसलेला १२१०० घे. चार कोअर तुझ्या कामाला पुरे. वाचलेल्या पैशात एसएसडी चांगली आणि मेमरी सोळा जीबी घे. टॅलीत तुला फरक तिथे जाणवेल. आणि पावतीवर पूर्ण नाव लिहून घे, अक्षरासकट.

“मामा, एवढं काय त्या अक्षराचं?”

तिला १९९९ ची पावती फोटो काढून पाठवली. ती अजून माझ्या दफ्तरात आहे.

चार दिवसांनी तिच्या खोक्याचा फोटो आला. कोपऱ्यातला आकडा मी मोठा करून दोनदा वाचला. १२१००, पुढे काही नाही. पावती अजून आलेली नाही. उद्या पुन्हा आठवण करायची आहे.